सोळा मार्कांची एलिझाबेथ

आमच्या समाजात मुलीचा बायोडाटा करायचा म्हटलं की त्यातल्या ओळी ठरलेल्या असतात. वर 'श्री महावीराय नमः', खाली नाव, जन्मवेळ, उंची, वर्ण गोरा नाहीतर निमगोरा, आणि मग शिक्षण. या शिक्षणाच्या ओळीत गेली पंधरा-वीस वर्षं एक पदवी मला सारखी दिसते आहे : एम.ए. (इंग्लिश). तिच्या खाली लगेच वडिलांची शेती किती एकर, भाऊ काय करतो, मामा कुठले. मधली ओळ कुणी पुन्हा वाचत नाही. मुलीनं दोन वर्षांत काय वाचलं, तिला काय आवडलं, हे विचारणारा एकही पाहुणा माझ्या पाहण्यात नाही. विचारतात ते एवढंच, "पुढं नोकरी करायचा विचार नाही न्हवं?"

मी स्पष्टच सांगते. ही पदवी आपण दागिना करून टाकली आहे. लग्नात घालायची, चार बायकांनी 'चांगली आहे हं' म्हणायचं, आणि मग कपाटात ठेवायची. सोन्याच्या दागिन्याला निदान अडीअडचणीला मोड तरी येते. या दागिन्याला तीही येत नाही.

इंग्रजीच का, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. सायन्सला प्रयोगशाळा, उशिरा घरी येणं. कॉमर्स केलं तर मुलगी ऑफिसात बसेल. इंग्रजीचं तसं नाही. बसून होतं, घरच्या घरी होतं, कॉलेजला रोज गेलं नाही तरी चालतं. नाव ऐकायला भारी. उद्या नातवंडं इंग्लिश मीडियमला गेली की ट्यूशनचे पैसे वाचतात. एका बाईनं मला हे हिशेब करून सांगितलं होतं. सुनेची पदवी तिच्या मनात महिना दोन हजारांना धरलेली होती.

आता जरा आकडे बघू. २००१ च्या जनगणनेत धर्मवार आकडे आले, तेव्हा आपण सगळ्यांनी एक आकडा छातीवर मिरवला. जैन समाजाची साक्षरता ९४.१ टक्के, देशात सगळ्यांत वर. आपल्या बायकांची ९०.६ टक्के, तीही सगळ्यांत वर. मेळाव्यांत, स्मरणिकांत, व्याख्यानांत हा आकडा फिरला. त्याच जनगणनेत आणखी एक आकडा होता, तो कुठल्याच व्यासपीठावरून कुणी सांगितला नाही. काम करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण जैनांत ९.२ टक्के होतं, आणि ते देशातल्या सगळ्या मोठ्या धर्मसमाजांत सगळ्यांत खाली होतं. सगळ्यांत जास्त शिकलेल्या बायका आणि सगळ्यांत कमी कमावणाऱ्या बायकाही त्याच!

कुणी म्हणेल, चिकोडी-निपाणीकडच्या आपल्या शेतकरी बायका उसात, तंबाखूत राबतात, ते कुठं मोजलंय? खरं आहे, ते पुरतं मोजलं गेलेलं नसणार. पण न मोजलेल्या कामाचा पैसाही त्यांच्या हातात येत नाही, आणि सातबाऱ्यावर म्हणा की आमच्याकडच्या पहाणीवर म्हणा, नावही लागत नाही. म्हणजे दुःख दुप्पटच झालं.

या नावाच्या गोष्टीवरूनच मला माझा मुद्दा सांगायचा आहे.

एम.ए. इंग्लिशला बहुतेक ठिकाणी जेन ऑस्टिन असते. 'प्राइड अँड प्रेज्युडिस', १८१३ सालची कादंबरी. तिच्यात बेनेट नावाच्या गृहस्थांना पाच मुली आहेत, मुलगा नाही. घर आणि जमीन अशा अटीत अडकलेली की ती फक्त पुरुष वारसाकडं जाणार. मुली असताना ती कॉलिन्स नावाच्या लांबच्या भावाला मिळणार. आई दिवसरात्र मुलींची लग्नं जमवण्याच्या मागं लागलेली असते, आणि शिकवणारे मास्तर तिला हसतात. मी शिकवताना कधी हसले नाही. कारण बाप गेला की त्या सहा बायकांच्या डोक्यावर छप्पर राहणार नाही, हे त्या घरात एकट्या आईलाच रोज दिसत असतं. तो कॉलिन्स थोरल्या जेनला नव्हे, दुसरीला, एलिझाबेथला मागणी घालतो, आणि ती नको म्हणते. घर वाचलं असतं, तरी नको म्हणते. या 'नको'वर परीक्षेत सोळा मार्कांचा प्रश्न येतो.

माझ्या ओळखीच्या एका मुलीनं हा प्रश्न फार छान लिहिला होता. स्त्रीचा मालमत्तेवरचा हक्क, विवाहसंस्था, त्या काळचा कायदा, सगळं मुद्देसूद. पुढं लग्न झालं. वडील वारल्यावर सहा महिन्यांनी तिला माहेरी बोलावून घेतलं. तालुक्याच्या गावी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत गाडीनं नेलं, कागद पुढं आला आणि तिनं सही केली. ते हक्कसोडपत्र होतं. कागद कन्नडात, वर 'हक्कु बिडुगडे पत्र' असं लिहिलेलं. मी विचारलं, "वाचलीस का गं?"

"दादानं सही कर म्हटल्यावर काय वाचत बसायचं मॅडम? बरं दिसतंय का ते?"

"पण तुला कन्नड येतंय की."

"बोलायला येतंय. वाचायला कुठलं येतंय?"

किती एकर होतं, तिला आजही माहीत नाही. ऑस्टिनच्या काळच्या इंग्लंडात मुलीला जमीन न मिळण्याची कारणं तिनं सात मुद्द्यांत लिहिली होती. आपल्या देशात हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. लाँगबोर्नच्या मुलींना कायद्यानं काही मिळत नव्हतं. हिला कायद्यानं मिळालेलं होतं, ते तिनं न वाचता देऊन टाकलं.

माझं म्हणणं भावाविरुद्ध बहिणीनं कोर्टात जावं असं मुळीच नाही. आपल्याकडं त्यागाला मोठं मोल आहे, ते असू दे. पण त्याग कशाला म्हणायचं? आपलं काय आहे हे जाणून जो सोडतो त्याच्या सोडण्याला त्याग म्हणतात. काय आहे हेच ज्याला माहीत नाही, त्याच्याकडून ते काढून घेतलेलं असतं. सोडायचं असेल तर सोड बाई, पण वाचून सोड.

आणि इथंच एम.ए. इंग्लिशच्या अभ्यासाचा खरा रोग कळतो. आपण हा विषय 'वाचत' नाही, घोकतो. मूळ कादंबरी चारशे पानांची, तिच्यावरचं गाईड चाळीस पानांचं. मुली गाईड घेतात. गाईडही जाड वाटलं तर सीनियरच्या नोट्स. नाटक असलं तर त्याच्यावरचा सिनेमा. एम.ए.चं अख्खं वर्ष एकही मूळ पुस्तक उघडल्याशिवाय पार पडू शकतं, आणि फर्स्ट क्लासही मिळतो. मी तशा पुष्कळजणी पाहिल्या आहेत. चूक त्यांची एकट्यांची नाही. प्रश्नच असे येतात की मूळ वाचणारीला तोटा आणि पाठ करणारीला फायदा.

आपल्या धर्मात अभ्यासाला काय म्हणतात ते आठवा. स्वाध्याय. तो आपल्याकडं तप मानला आहे, तेही बाहेरचं नव्हे, अंतरंग तप. उपवासापेक्षा आतलं. तत्त्वार्थसूत्रात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. वाचना, म्हणजे मूळ ग्रंथ नीट अर्थासह वाचणं. पृच्छना, म्हणजे शंका विचारणं. अनुप्रेक्षा, म्हणजे वाचलेलं मनात घोळवणं. आम्नाय, म्हणजे शुद्ध पाठ करणं. आणि धर्मोपदेश, म्हणजे कळलेलं दुसऱ्याला सांगणं. चातुर्मासात बस्तीत बसून हे पाच प्रकार आपण सगळ्याच ऐकतो. आता ही फूटपट्टी एम.ए. इंग्लिशला लावून बघा. वाचना गाईडनं खाल्ली. पृच्छना वर्गात चालत नाही, कारण पोर्शन संपवायचा असतो. अनुप्रेक्षेला वेळ नाही, चौथ्या सेमिस्टरच्या आत साखरपुडा असतो. धर्मोपदेश लग्नानंतर बंद. पाचातला एकच उरला, आम्नाय. पाठांतर. तेही शुद्ध नाही!

मग समाजातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "जाऊ दे की, असल्या परक्या गोष्टी मुलींच्या डोक्यात भरल्या नाहीत तेच बरं." हा आक्षेप मी तीन-चार वेळा तरी तोंडावर ऐकला आहे. इंग्रजी साहित्यात प्रेमप्रकरणं, मांसमद्य, नवरा सोडून जाणाऱ्या बायका. जैनाच्या घरात हे कशाला?

असं म्हणणाऱ्यांनी आपलं स्वतःचं साहित्य उघडलेलं नाही. उद्द्योतनसूरींची 'कुवलयमाला' घ्या. इसवी सन ७७९ मधली, प्राकृतातली, एका जैन आचार्यानं लिहिलेली. त्यात प्रेम आहे, मत्सर आहे, लोभ, फसवणूक, समुद्रप्रवास, सगळं आहे. क्रोध-मान-माया-लोभ माणसाला कुठं नेतात हे दाखवायचं तर आधी क्रोध दाखवावा लागतो, हे त्या सूरींना कळत होतं. त्याच ग्रंथात एक बाजार आहे. देशोदेशीचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलताहेत, त्यांत मराठेही आहेत, आणि हा साधू माणूस कान देऊन कुठल्या देशाचा माणूस कसा बोलतो ते टिपून ठेवतो आहे. बाराशे वर्षांपूर्वी आपल्या आचार्यांना परक्या भाषेची भीती वाटली नाही. ती आपल्याला कुठून आली?

आणि ही 'कुवलयमाला' आधुनिक अभ्यासकांच्या हाती नीट संपादून कुणी दिली? डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी. आपल्या सदलग्याचे. चिकोडी तालुक्यातल्या गावात जन्मलेला हा माणूस कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवत होता. १९३५ साली त्यांनी कुंदकुंदाचार्यांचा 'प्रवचनसार' प्रसिद्ध केला, त्याला भली मोठी प्रस्तावना इंग्रजीत लिहिली. का इंग्रजीत? ज्यांना मराठी-कन्नड येत नाही, अशा जगातल्या अभ्यासकांपर्यंत कुंदकुंद पोचावेत म्हणून. घरात कन्नड-मराठी, अभ्यासात प्राकृत-संस्कृत, लिहायला इंग्रजी. एकीनं दुसरीला हाकललं नाही. इंग्रजी अशी वापरायची असते. सदलग्याच्या पंचक्रोशीतल्या एम.ए. इंग्लिश झालेल्या मुलींना मी विचारते, तुमच्यापैकी किती जणींनी ती प्रस्तावना हातात तरी घेतली आहे?

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा. शिकलेले, दुकानदार, इंजिनिअर पोरगे म्हणतात, "काकी, इंग्रजी बोलता आली म्हणजे झालं. शेक्सपिअर कशाला पाहिजे? तीन महिन्यांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला की काम होतंय."

बोलता येण्याला मी नावं ठेवत नाही. ते यावंच. पण बोलता येणं आणि वाचता येणं यात फरक आहे. क्लासमध्ये 'हाऊ मे आय हेल्प यू' शिकवतात. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलात नातेवाइकापुढं जो बारीक अक्षरातला संमतीचा कागद येतो, तो वाचायला शिकवत नाहीत. विम्याच्या कागदात कुठल्या ओळीत काय काढून घेतलं आहे, बँकेच्या जामीनपत्रावर सही केली तर आपण कशाला बांधले जातो, हे समजायला वाक्य उलगडावं लागतं. हे कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, काय सांगायचं टाळतंय, हे विचारावं लागतं. कविता शिकवताना आम्ही दुसरं काय करतो? वाक्यात काय लिहिलं आहे आणि काय लपवलं आहे, हे बघण्याची सवय साहित्यानं लागते. बायकांना या सवयीची पुरुषांहून जास्त गरज आहे, कारण त्यांच्याकडून सह्या मागितल्या जातात आणि खुलासा दिला जात नाही.

हेही लक्षात ठेवा, की इंग्रजी नुसती कामापुरती यावी हा विचार नवा नाही. १८३५ साली मेकॉलेनं आपलं टिपण लिहिलं तेव्हा सरकारला आपल्या आणि रयतेच्या मधला दुभाषी वर्ग पाहिजे होता. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रासला विद्यापीठं निघाली. इंग्रजी साहित्य हा विषय इंग्लंडच्या जुन्या विद्यापीठांत रुजायच्या आधी आपल्याकडं शिकवला जात होता, हे गौरी विश्वनाथन यांनी १९८९ मधल्या 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' या पुस्तकात दाखवून दिलं आहे. आपल्याला वळण लावायला हा विषय आणला गेला. पण आणणाऱ्यांच्या मनात नव्हतं तेही त्यातून घडलं. चंद्रमुखी बसू आणि कादंबिनी गांगुली १८८३ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी चंद्रमुखी एम.ए. झाल्या. केंब्रिजनं आपल्या बायकांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ साली! व्हर्जिनिया वुल्फनं १९२९ मध्ये 'अ रूम ऑफ वन्स ओन'मध्ये लायब्ररीच्या दारातून परत पाठवलेली बाई रंगवली, त्याच्या कितीतरी आधी आपल्या देशात बायका पदव्या घेऊन बाहेर पडल्या होत्या. जी गोष्ट इंग्लंडच्या बायकांना झगडून उशिरा मिळाली, ती आपल्याला लवकर मिळाली, आणि आपण ती रुखवतात मांडली.

आता साक्षरतेबद्दल. ९०.६ टक्के म्हणजे नेमकं काय? जनगणनेत सात वर्षांवरच्या ज्या माणसाला कुठल्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येतं, तो साक्षर. 'कुठल्याही एका भाषेत'. पुण्यात, सोलापुरात हे ठीक आहे. आम्ही राहतो सीमेवर. माझ्या गल्लीतली काकी रोज मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, पुराण वाचून दाखवते. ती साक्षरच. पण तिच्या जमिनीचा कागद कन्नड, रेशनची नोटीस कन्नड, औषधाची चिठ्ठी इंग्रजी, बँकेचा मेसेज इंग्रजी. घरातून बाहेर पाऊल टाकलं की काकी निरक्षर होते. पलीकडच्या गल्लीतल्या कन्नड जैन आक्काचं कोल्हापूरला लेकीकडं गेल्यावर तेच होतं. सीमेवरच्या बाईची साक्षरता चौकाचौकात बदलते, आणि हे कुठल्याच आकड्यात येत नाही.

हा प्रश्न एम.ए. इंग्लिशच्या अभ्यासात यायला पाहिजे. भाषाशास्त्राचा पेपर असतो, इंग्रजी अध्यापनाचा पेपर असतो. त्यात परदेशातल्या पंडितांच्या व्याख्या पाठ करण्याऐवजी मुलींनी आपल्याच गल्लीत जाऊन पन्नास बायकांना विचारावं. कुठला कागद वाचता येतो, कुठला येत नाही, न वाचता किती सह्या केल्या. हा खरा प्रोजेक्ट. तो कुठल्याही गाईडात मिळणार नाही, म्हणून कॉपीही करता येणार नाही.

हे काही माझं स्वप्नरंजन नाही. १९५० च्या दशकात आमच्या बेळगावच्या कॉलेजात ए. के. रामानुजन नावाचे तरुण प्राध्यापक इंग्रजी शिकवत होते. वर्गात इंग्रजी कविता, आणि वर्गाबाहेर या भागातल्या कन्नड लोककथा गोळा करायच्या. ज्या गोष्टी आज्ज्या, आत्या चुलीपुढं सांगतात, त्या. पुढं ते शिकागोला गेले, आणि त्या गोष्टींचे इंग्रजी अनुवाद जगानं वाचले. त्यांच्या रामायणांवरच्या प्रसिद्ध निबंधात आपल्या विमलसूरींचं प्राकृत 'पउमचरिय' आहे. ज्यात रावण राक्षस नाही, आणि रामाच्या हातून त्याचा वध होत नाही, ते आपलं रामायण. एका इंग्रजीच्या प्राध्यापकानं ते जगापुढं मांडलं. आणि आमच्या घरात एम.ए. इंग्लिश झालेली सून आहे, आज्जीला त्या गोष्टी तोंडपाठ आहेत, दोघी एकाच सोप्यात बसतात. एकीच्या हातात मोबाईल, दुसरीच्या हातात जपमाळ. आज्जी गेली की गोष्टी गेल्या.

तिसरा आक्षेप भाषाभिमानाचा. "इंग्रजी शिकून मुली मराठी विसरतात." सीमाभागात हे बोलणं फार जिव्हारी लागतं, कारण इथं मराठी टिकवायला माणसांनी लाठ्या खाल्ल्या आहेत. पण गौरी देशपांडे इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या, आणि त्यांनी मराठी कथा-कादंबरीचं वळण बदललं. शांता गोखले इंग्लंडला इंग्रजी साहित्य शिकून आल्या, आणि 'रीटा वेलिणकर' त्यांनी मराठीत लिहिली, मग स्वतःच इंग्रजीत नेली. विंदा करंदीकर इंग्रजीच शिकवत होते. इंग्रजी नीट वाचणाऱ्यानं मराठी सोडलेली मला दिसत नाही. इंग्रजी अर्धवट येणारे मराठी सोडतात. घरात 'बेटा, वॉटर पी' म्हणणाऱ्या आया एम.ए. इंग्लिश झालेल्या असतील, पण त्यांनी इंग्रजी वाचलेली नाही.

मग करायचं काय? मी नुसती नावं ठेवून थांबणार नाही.

आयांनो, मुलीचं चौथं सेमिस्टर संपल्याशिवाय लग्नाची तारीख काढू नका. चार महिन्यांत मुहूर्त पळून जात नाहीत. तिला विचारा, तू काय वाचतेस, आणि एक गोष्ट मराठीत सांग. तिला सांगता आली नाही तर समजा, ती गाईड वाचते आहे.

मुलींनो, दोन वर्षांत दहा मूळ पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. मार्क दोन कमी पडले तर पडू देत. आणि कन्नड लिपी शिका. बोलता येणाऱ्याला ती महिना-दोन महिन्यांत येते. एम.ए. झालेल्या मुलीला आपल्या बापाच्या जमिनीचा उतारा वाचता येत नाही, ही लाज इंग्रजी न येण्याच्या लाजेपेक्षा मोठी आहे.

सासवांनो, सुनेला नोकरी करू द्या, आणि ते जमत नसेल तर निदान ती शिकवेल तिथं आडवं येऊ नका. बस्तीच्या सभागृहात रविवारी दुपारी दोन तास चार बायकांना कागद वाचायला शिकवणं, यात कुठल्या घराण्याची अब्रू जाते? आणि पहिल्या बाकावर तुम्हीच बसा.

समाजाच्या पुढाऱ्यांनो, पंचकल्याणकात इंद्र-इंद्राणीचे सवाल लाखांवर जातात. त्याबद्दल मी काही बोलत नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण मुलींच्या गुणगौरवाला शाल, नारळ आणि एक स्टीलचा डबा, एवढ्यावर भागवता, ते पुरे करा. तिला पुस्तकं द्या, प्राध्यापकीच्या परीक्षेची फी द्या, पुढं पीएच.डी. करायची असेल तर राहायची सोय द्या. चार दानांत शास्त्रदान आपण मोठं मानतो. दहाव्या शतकात अत्तिमब्बेनं पोन्नाच्या 'शांतिपुराणा'च्या हजार प्रती करवून वाटल्या असं सांगतात, त्याही ताडपत्रावर, हातानं लिहवून. ती आपल्याच कर्नाटकातली श्राविका. आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्या बाईंनी दागिन्याचं शिक्षण केलं. आपण शिक्षणाचा दागिना करतो आहोत.

आपल्या परंपरेत अक्षराची सुरुवात कुणापासून सांगितली आहे? आदिपुराण उघडून बघा. भगवान ऋषभदेवांनी लिपी पहिल्यांदा शिकवली ती आपल्या मुलीला, ब्राह्मीला. अंक शिकवले ते दुसऱ्या मुलीला, सुंदरीला. भरत-बाहुबलीसारखे मुलगे घरात असताना! आणि लिपीला नाव मुलीचं लागलं. ज्या समाजाच्या पुराणात पहिलं अक्षर मुलीच्या हातानं उमटलं, त्या समाजात मुलीपुढं कागद सरकवून 'कुठं सही करायची तेवढं बघ' म्हणायची कुणाची हिंमत होऊ नये.

ती हिंमत होते, कारण आपण न वाचता सही करतो. पुढच्या वेळी कागद समोर आला, कन्नड असो, मराठी असो की इंग्रजी, तर पेन खाली ठेवा आणि म्हणा, "थांबा, मला आधी वाचू दे." वाचायला एक तास लागला तर लागू दे. बाकीच्यांना थांबायला सांगा, चहा द्या. एम.ए. केल्याचा उपयोग होतो तो त्या तासाला.